स्मरणाधिकारी यांस

महोदय,
तुमच्या हुद्द्याचं नाव वाचून मी चष्मा पुसला
आणि पुन्हा वाचलं.
कंपनी विसर्जित झाली की जे उरतं, धनी नसलेलं,
ते राजाच्या नावे तुमच्याकडे जमा होतं,
आणि तुम्हाला म्हणतात
आठवण ठेवणारा.

मी एल्स्पेथ काउई.
फ्लेट अँड मेअर, मासेमारीची जाळी विणणारे,
यांच्याकडे एकतीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली.
मोरेच्या किनाऱ्यावर, जिथे वाऱ्याला
सुट्टी माहीत नाही.

फ्लेट आणि मेअर एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते.
जे काही असेल ते चिठ्ठीवर, माझ्या टेबलावरून.
विक्रीच्या दिवशी मात्र दोघांनी एकाच पेनने सही केली,
दुसरं पेन चालेना म्हणून.

बर्गेनहून आलेले लोक सभ्य होते.
करार एकशे चाळीस पानांचा.
अनुसूची एक: यंत्रं, डांबराचा हौद, सुताचे रीळ.
अनुसूची दोन: येणी, देणी, शिक्का,
आणि नावलौकिक, किंमत एक पौंड.
मी विचारलं, शून्य का नाही?
वकील म्हणाला, शून्य विकता येत नाही, बाई.
अनुसूची तीन: माणसं, एकोणीस,
रुजू झाल्याच्या तारखेसह.
मी चौदावी.

मग राहिली नुसती कंपनी,
आत काही नसलेली,
शिंपल्यासारखी.
तिनेही गाशा गुंडाळला.
दाखला आला: विसर्जित.
आमच्याकडे पाण्यात सोडलेलं
भरतीला परत येतं,
हे एडिंबऱ्यात कुणाला सांगायचं?

परत आलं ते शेडमागचं गवत.
पाऊण एकर, उताराचं, सोळा लाकडी खांब,
पूर्वी त्यावर जाळी वाळवायचे.
नायलॉन आल्यापासून जाळी वाळवावी लागत नाहीत,
तेव्हापासून वरच्या आळीतल्या बायका
तिथे कपडे वाळत घालतात.
भाडं नाही, घसारा नाही, पावती नाही,
म्हणून ते माझ्या वहीत नाही.
म्हणून ते एकाही अनुसूचीत नाही.

करारात एक वाक्य होतं:
विक्रेत्यांच्या माहितीप्रमाणे
याखेरीज कंपनीचं काहीही नाही.
महोदय, सह्या त्या दोघांच्या,
पण माहिती माझी होती.
रोज दुपारी मी त्याच गवतावर बसून डबा खाल्ला
आणि विसरले.

आता इन्व्हरनेसचा एक बिल्डर
वहाणा झिजवत विकणाऱ्याला शोधतो आहे.
बर्गेनवाले म्हणतात, आम्ही घेतलंच नाही.
वॉल्टर मेअर म्हणतो, गिल्बर्टला विचारा.
गिल्बर्ट फ्लेट मार्चमध्ये गेला.
वॉल्टर अंत्ययात्रेला आला होता,
कुंपणाच्या बाहेर उभा.

प्रकरण भिजत घोंगडं झालंय,
आणि वाळत घालायची जागाच नेमकी ती.

मला काही मागायचं नाही.
वकील म्हणाला, तुम्ही ते विकू शकता,
किंवा नको म्हणू शकता, कायद्यात तशी सोय आहे.
तुम्ही नको म्हणालात तर मग ते कुणाचं,
यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला
आणि त्या वेळाचं बिल त्याने लावलं नाही.

एवढंच, की काही ठरवण्याआधी
तुमच्या वहीत लिहून घ्या:
सोळा खांब, त्यातला नववा वाकलेला.
उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचतं.
मी लिहायला हवं होतं.
हुद्दा तुमचा आहे, काम माझं होतं.

कळावे.

ता. क. काल दोरीवर सहा चादरी होत्या.
दोन माझ्या.
तुमचं उत्तर येईपर्यंत
त्या बेकायदा वाळतायत का, तेही कळवा.